मुंग्या पायाला, औषध जनुकाला

मावशीच्या डाव्या पायातली चप्पल जिन्यात निसटली आणि ती तशीच चार पायऱ्या खाली उतरली. मागून येणारी शेजारीण म्हणाली, "अहो, चप्पल राहिली तुमची." तेव्हा कुठे मावशीनं खाली बघितलं. पाय उघडा पडलाय ही बातमी पायाकडून तिला मिळालीच नव्हती.

त्या दिवशी तिच्या फ्रिजवर तीन बाटल्या उभ्या होत्या. तिन्हींची मिळून किंमत सात हजार दोनशे रुपये. वर्षभर अंगात त्राण नाही, तळपायाला मुंग्या, रात्री पोटऱ्यांत गोळे, म्हणून ती एका वेलनेस कोचचा सल्ला व्हिडिओ कॉलवर घेत होती. त्या बाईंनी थुंकीवरून होणारी जनुकचाचणी करायला लावली. अहवालात एमटीएचएफआर नावाच्या जनुकाच्या एका प्रतीत बदल निघाला आणि निदान ठरलं : "तुमचं मिथायलेशन बिघडलंय." मग बाटल्या आल्या. एकीत मिथाइलफोलेट, दुसरीत ५० मिलिग्रॅम बी-६, तिसरीत बीटेन. मी तिन्ही खिडकीपाशी नेऊन उजेडात वाचल्या. अक्षरं मोहरीएवढी. तिन्हींवर बारीक छापलं होतं की हे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही. आणि तिन्हींत मिळून बी-१२चा एक कणही नव्हता.

मावशीचा पाय बधिर झाला तो नेमका त्याच्याच अभावी. वर्षभरात तिला बी-१२ची तपासणी करायला कुणी सांगितलं नाही. जनुक मात्र तपासून झालं. याचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

मिथायलेशन हा शब्द खोटा नाही, म्हणूनच तो इतका खपतो. मिथाइल म्हणजे एक कार्बन आणि त्याला चिकटलेले तीन हायड्रोजन. एवढासा तुकडा. पेशी तो एका रेणूवरून उतरवून दुसऱ्यावर चढवत असते, रात्रंदिवस. आपल्या लिपीतल्या अनुस्वारासारखं समजा. 'रग'वर टिंब दिलं की 'रंग' होतो. अक्षरं तीच, वाचन वेगळं. डीएनएवर जागोजागी असं टिंब बसतं आणि कुठलं जनुक वाचायचं, कुठलं मिटून ठेवायचं हे ठरायला त्याची मदत होते. स्नायूंना लागणारं क्रिएटिन, पेशींच्या आवरणातली स्निग्ध द्रव्यं, सगळ्यांच्या घडणीत हे मिथाइल लागतं.

मिथाइल देऊन टाकलं की मागे होमोसिस्टीन उरतं. त्याच्यावर पुन्हा मिथाइल चढवून मिथिओनीन करायचं, म्हणजे चक्राचा फेरा पूर्ण झाला. मिथाइल आणून देतं फोलेट. ते उतरवून घेणारा हमाल म्हणजे बी-१२. आता हमालच नसेल तर? फोलेट पाठीवरच्या ओझ्यासकट अडकून पडतं. त्याला मागे फिरता येत नाही, पुढे जाता येत नाही. १९६०च्या दशकापासून अभ्यासक याला फोलेटचा सापळा म्हणत आलेत. मावशी दर सकाळी न्याहारीनंतर जी महागडी 'सक्रिय' फोलेटची कॅप्सूल घेत होती, ती सरळ त्या सापळ्यात जाऊन पडत होती. तिसऱ्या बाटलीतलं बीटेन याहून फसवं. यकृताकडे होमोसिस्टीन कमी करायची एक दुसरी वाट असते, ती बीटेननं चालते. मेंदूला आणि मज्जारज्जूला ती वाट नाही. म्हणजे कागदावरचा आकडा खाली येतो, घरातले हुश्श करतात आणि नसांची झीज चालूच राहते.

हा हमाल आपल्याकडे किती घरांतून गायब आहे, ते पुण्यातच मोजून झालंय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. २००६ साली आकडे प्रसिद्ध झाले. ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी, ५८ टक्क्यांचं होमोसिस्टीन जास्त. सगळ्यांत वाईट अवस्था मध्यमवर्गाची, तिथे ८१ टक्के पुरुषांचं बी-१२ कमी होतं. ज्यांच्या घरी फ्रिज भरलेला, ज्यांच्याकडे मेडिक्लेम, ज्यांची मुलं परदेशात, त्यांच्यातच तुटवडा सर्वाधिक. वीस वर्षं होत आली या आकड्यांना. पुण्यातल्या प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर ते लावायला हवे होते.

असं का होतं, तेही सरळ आहे. बी-१२ कुठलीही वनस्पती बनवत नाही. ते जिवाणू बनवतात. गाईम्हशींच्या पोटातले जिवाणू बनवतात, मग ते दुधात आणि मांसात उतरतं. पालक, शेवगा, मोड आलेली मटकी, तीळ, सगळं उत्तम अन्न, पण त्यात बी-१२ नाही. तुपात जवळजवळ नसतंच. स्पिरुलिनाच्या हिरव्या गोळ्यांत जे बी-१२सारखं दिसतं, त्यातलं बहुतेक माणसाच्या शरीराला वापरताच येत नाही. पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं आणि दिवसाची गरज दोन-सव्वादोनची. आता आपल्या घरातल्या बाईच्या पोटात दिवसाकाठी किती दूध जातं ते आठवा. दोन कप चहातलं चार चमचे. उरलेलं नातवाला, सायीचं विरजण, दही संपलं तर पातळ ताक. मावशीचा चातुर्मास, सोमवार, चतुर्थी, सगळं वेगळंच.

त्यात औषधांची भर. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ शोषलं जायचं प्रमाण घटतं. सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची ॲसिडिटीची गोळी पोटातलं आम्ल कमी करते आणि अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला तेच आम्ल लागतं. मावशी मेटफॉर्मिन अकरा वर्षं घेतेय, ॲसिडिटीची गोळी सहा वर्षं. शाकाहारी, वय एकसष्ट. तिच्याकडे नुसतं बघून कुणालाही संशय यायला हवा होता.

आला तो आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांना. त्यांनी कपाटातून चिमट्यासारखा एक लोखंडी काटा काढला, टेबलाच्या कडेवर आपटला आणि घुमत असतानाच त्याचा दांडा मावशीच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला. "थरथर जाणवते का?" मावशी म्हणाली, "कसली थरथर?" घोट्यावर टेकवला. नाही. गुडघ्यावर टेकवला, तेव्हा ती दचकली. मग त्यांनी तिला पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. ती तोल जाऊन माझ्या अंगावर कलंडली. या सगळ्याला तीन मिनिटं लागली. रक्ताच्या अहवालात बी-१२ आलं ९६. प्रयोगशाळेनं दिलेली खालची मर्यादा होती २००. हिमोग्लोबिन मात्र १२.४, अगदी व्यवस्थित. इथेच पुष्कळांची फसगत होते. हिमोग्लोबिन ठीक असतानाही बी-१२अभावी नसा बिघडू शकतात. शिवाय साधं फॉलिक ॲसिड भरपूर घेतलं तर रक्त सुधारतं आणि नसांचं दुखणं त्याआड दडून राहतं.

आता त्या जनुकाबद्दल. एमटीएचएफआरमधला हा बदल जगभर कोट्यवधी लोकांत असतो. तो असला म्हणजे माणूस मोडका जन्मला असं होत नाही. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तरी, तेवढंच फॉलिक ॲसिड घेणाऱ्या इतरांच्या तुलनेत रक्तातलं फोलेट साधारण १६ टक्क्यांनी कमी भरतं, असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी सांगते. ही माणसं साधं फॉलिक ॲसिडही वापरू शकतात, हेही तीच संस्था स्पष्ट सांगते. अमेरिकेतल्या वैद्यकीय जनुकतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली डॉक्टरांना सांगितलं की रक्ताच्या गुठळ्या होतात किंवा वारंवार गर्भपात होतो म्हणून ही चाचणी करत बसू नका. मावशीची तर एकच प्रत बदललेली होती. त्या एका प्रतीवर सात हजारांच्या बाटल्या उभ्या राहिल्या.

सर्वांत जास्त भीती मला वाटते ती गरोदर मुलींबद्दल. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं सात देशांतल्या ३३ केंद्रांत केलेल्या चाचणीचा निष्कर्ष आला : ज्यांचं आधीचं बाळ मज्जारज्जूच्या व्यंगानं जन्मलं होतं, अशा बायकांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर पुढच्या बाळात ते व्यंग होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो. हा पुरावा साध्या, स्वस्त फॉलिक ॲसिडचा आहे. बाळाच्या पाठीचा कणा जुळतो तो पहिल्या चार आठवड्यांत, म्हणजे पुष्कळदा पाळी चुकल्याचं कळतं तोवर. अशा वेळी "तुझ्या जनुकाला फॉलिक ॲसिड विषासारखं" असं सांगून कुणी मुलीच्या हातातली गोळी काढून घेत असेल, तर ते पाप आहे. दुसरा शब्द मला सुचत नाही.

आणि दुसरी बाटली, बी-६ची. मावशीच्या मुंग्यांवर दिलेली. बी-६ची रोजची गरज दोन मिलिग्रॅमच्या आसपास. ते पाण्यात विरघळतं, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जाईल, असा समज फार पसरलाय. १९८३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सात रुग्णांची हकिगत छापली. ते रोज ग्रॅममध्ये बी-६ घेत होते आणि त्यांच्या पायांतली संवेदनाच गेली होती, चालताना तोल जात होता. पुढे त्याहून कितीतरी कमी मात्रेत, पण दीर्घकाळ घेतल्यानं असाच त्रास झाल्याच्या नोंदी झाल्या. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२३ साली मोठ्यांसाठी वरची मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. मावशी घेत होती ५०. म्हणजे बी-१२ कमी पडलं तरी मुंग्या, बी-६ जास्त झालं तरी मुंग्या. माणूस मुंग्या वाढल्या म्हणून कॅप्सूल वाढवत जातो. केसांसाठी म्हणून अशा कितीतरी बाटल्यांत बायोटिनही भरलेलं असतं. त्यानं थायरॉइडच्या काही चाचण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. चाचणीआधी डॉक्टरांना हे सांगा, एवढं जरी कुणी लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

होमोसिस्टीनच्या आकड्याचंही असंच. तो जास्त असणाऱ्यांना हृदयविकार जास्त होतो हे दिसल्यावर शास्त्रज्ञांनाही वाटलं होतं की तो खाली आणला की हृदय वाचेल. मग त्यांनी ते पारखून पाहिलं. २००६ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. नॉर्वेत हार्ट ॲटॅक येऊन गेलेले ३,७४९ रुग्ण, आणि दुसरीत हृदयविकाराचे किंवा मधुमेहाचे ५,५२२ रुग्ण. फॉलिक ॲसिड, बी-६, बी-१२ देऊन होमोसिस्टीन खाली आलं. हार्ट ॲटॅक कमी झाले नाहीत. पण २०१५ साली चीनमधून वेगळी बातमी आली. तिथे पिठात फॉलिक ॲसिड मिसळत नाहीत. रक्तदाबाच्या वीस हजारांहून जास्त रुग्णांत, रक्तदाबाच्या गोळीला फॉलिक ॲसिडची जोड दिली तेव्हा पहिला पक्षाघात येण्याचं प्रमाण २१ टक्क्यांनी घटलं. या दोन्ही गोष्टी मला एकत्र वाचाव्याशा वाटतात. जिथे कमतरता आहे तिथे गोळी कामाला येते, भरल्या पोटाला तीच गोळी काही देत नाही.

ज्यांना मिथाइलच्या बाटल्यांनी बरं वाटलं, त्यांच्याशी मी भांडणार नाही. त्यांना बरं वाटलं हे खरं असणार. बऱ्याच बाटल्यांत बी-१२ असतं, आणि इतक्या लोकांत कमतरता असलेल्या शहरात ते पोटात गेल्यावर फरक पडणारच. श्रेय मात्र जनुकाला जातं आणि तीच बाटली जन्मभराची होते. 'मिथाइल' लावलेलं बी-१२ थेट कामाला लागतं, असं सांगून जादा पैसे घेतात. पेशीत शिरल्यावर त्याचं मिथाइल आधी काढून टाकलं जातं आणि पेशी आपल्या गरजेप्रमाणे नवं चढवते. साधं, स्वस्त सायनोकोबालामिनही त्याच वाटेनं जातं. डॉक्टर एखाद्याला इंजेक्शन देतील, एखाद्याला रोजची १,००० मायक्रोग्रॅमची गोळी. एवढी मोठी मात्रा अशासाठी की शोषणाची नेहमीची वाट बंद असली तरी त्यातलं सुमारे एक टक्का आपोआप आत झिरपतं आणि तेवढं पुरतं.

आणि जे वर्षानुवर्षं थकलेले आहेत, ज्यांचं अंग दुखतं, झोप होत नाही, अहवाल सगळे 'नॉर्मल' येतात, त्यांना एक सांगायचंय. तुमचं दुखणं मनाचं नाही. दवाखान्यात तुम्हाला पाच मिनिटं मिळतात आणि व्हिडिओवरची बाई पाऊण तास ऐकून घेते, म्हणून तुम्ही तिच्याकडे जाता. मावशीनंही मला हेच ऐकवलं, "अगं, तिनं माझं सगळं ऐकून तरी घेतलं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. डॉक्टरांनी ऐकायला शिकावं ही माझी मागणी आहे. पण ऐकण्याचे सात हजार दोनशे लावून, पायाला हातही न लावता, जनुकावर बोट ठेवायचं, हे मला मान्य नाही.

फोलेटच्या या गोष्टीची सुरुवात मुंबईत झाली, हे किती जणांना ठाऊक आहे? १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईला आल्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केलं. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायका एका भयंकर पंडुरोगानं मरत होत्या. तांबड्या पेशी संख्येनं थोड्या आणि आकारानं मोठ्या होत. विल्स बाईंनी त्या बायका काय खातात ते बघितलं, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले, आणि शेवटी मार्माइट नावाचा यीस्टचा काळपट, खारट लगदा देऊन पाहिला. बायका सुधारल्या. १९३१ साली त्यांनी ते छापलं. त्यातलं द्रव्य पुढे १९४१ साली टेक्सासमध्ये पालकाच्या पानांतून वेगळं झालं आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड. ज्या परळमध्ये गिरणीकामगार बायकांच्या ताटात काय आहे हे बघून एका रोगाचं कोडं सुटलं, त्याच शहरात आज लोक ताटाकडे न बघता थुंकी पाकिटात घालून कुरिअर करतात.

सरकारलाही विचारायचंय. अंगणवाडीत गरोदर बाईला लाल गोळी मिळते, शाळेत किशोरवयीन मुलींना आठवड्याला निळी. दोन्हींत लोह आणि फॉलिक ॲसिड. बी-१२ नाही. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३पासून चाललेल्या अभ्यासात याज्ञिकांच्याच गटाला आढळलं की गरोदरपणी जिचं फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी, तिच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानण्याचं प्रमाण सर्वाधिक होतं. हे २००८ साली छापून आलंय. गेल्या काही वर्षांत रेशनच्या तांदळात लोह आणि फॉलिक ॲसिडबरोबर बी-१२ मिसळायला लागले, म्हणजे ते मिसळता येतं हे सरकारला माहीत आहे. मग त्या निळ्या गोळीत दोन-चार मायक्रोग्रॅम घालायला काय अडचण आहे? मध्यमवर्गीय घरात मिथाइलच्या बाटल्यांची रांग, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलीच्या गोळीत नेमकं तेच नाही, ही वाटणी मला बघवत नाही.

मावशीला आधी दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला इंजेक्शन असतं. गल्लीतलीच नर्स येऊन देते. बाटल्या मी घेऊन आले, तिनं हरकत घेतली नाही. चौथ्या महिन्यात पोटऱ्यांतले गोळे थांबले. सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी पुन्हा तो काटा आपटला. घोट्यावर थरथर जाणवली आणि ती इतकी जोरात "हो!" म्हणाली की बाहेरचे पेशंट डोकावले. अंगठ्यावर अजून काही कळत नाही. ते परत येईल की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत. तिनं पट्ट्याच्या चपला घेतल्यात. जिना उतरताना एक हात कठड्यावर आणि नजर पायांकडे.